उघड्या कानांची फुशारकी

कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत कानाच्या परीक्षेला मी सलग तीन वर्षं कॉपी करून पास झालो. रक्त आणि वजन यांत कॉपी करता येत नाही, पण कानाचं सोपं आहे. हेडफोन लावून तुम्हाला खोक्याएवढ्या खोलीत बसवतात, हातात बटण देतात, आणि बारीक शिट्टी ऐकू आली की ते दाबायचं. काचेपलीकडे नर्सबाई शिट्टी सोडत असतात. त्यांचा अंगठा हलला की मी बटण दाबायचो. शाळेत कधी पुढच्याच्या पेपरात डोकावलो नाही, ते तोक्योत पंचेचाळिशीला आल्यावर करावं लागलं.

यंदा त्यांनी यंत्र बदललं. शिट्ट्या आपोआप येणार आणि नर्सबाई माझ्याकडे पाठ करून कागद लावत बसणार. मी अंदाजाने बटण दाबत सुटलो आणि नको तिथे दाबून पकडला गेलो. त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी उतरत गेलेली रेघ दाखवली आणि सांगितलं की डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा त्याच वाटेवर आहे. तरुणपणी कारखान्यात वगैरे होतात का, असं त्यांनी विचारलं. नाही, गाणी ऐकली, मी म्हटलं. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, आणि कानात यंत्र बसवून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

घरी मी यातलं अवाक्षर काढलं नाही. माझे वडील साठीत बहिरे झाले होते, आणि आम्ही भावंडांनी त्यांची काय चेष्टा केली ती मला ठाऊक आहे. त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्यावरच विनोद करायचो, सगळे हसताहेत म्हणून तेही हसायचे. ते हसू माझ्या तोंडावर मला नको होतं. त्यापेक्षा लक्ष न देणारा बाप बरा, असं मी ठरवून टाकलं होतं. स्वप्ना, म्हणजे माझी बायको, अधूनमधून चिडायची, "अंबरीष, ती काहीतरी बोलतेय तुझ्याशी!" मी मोबाइलमधून मान वर काढून ओशाळल्यासारखं करायचो. मोबाइलमध्ये काहीही नसायचं.

"ती" म्हणजे आमची कौमुदी. जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणींची कोमु-चान. यंदा एप्रिलपासून नव्या हायस्कूलमध्ये जाते. घरात मराठीत विचारावं, तिनं जपानीत उत्तर द्यावं, तेही पाठ फिरवून, फ्रिज उघडता उघडता, पुटपुटत. उन्हाळ्यापासून तर तेवढंही कमी झालं. जेवण झालं की खोलीत, दार बंद. हे वयच तसं असतं, असं आम्ही दोघं एकमेकांना समजावत होतो.

आता ते गाणं. मुंबईच्या आमच्या ट्रेडिंग कंपनीने मला कोबेला पाठवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि संध्याकाळी काय करावं हे न सुचणारा होतो. ऑफिसमधल्या ओकादा-साननी मला एका लाइव्ह हाउसमध्ये नेलं, म्हणजे तळघरातल्या गाण्याच्या अड्ड्यावर. शंभर माणसं मावतील एवढी जागा आणि आत चाळीस जण. बॅन्डचं नाव बिनीरु-गासा. कोपऱ्यावरच्या दुकानात पाऊस आला की घ्यायची आणि ट्रेनमध्ये विसरायची ती पारदर्शक छत्री, तिचं नाव. या संगीताला शूगेझ म्हणतात, कारण वाजवणारे सगळा वेळ मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत उभे असतात. गाणारी मुलगी अगदी हळू गायची, आणि तिच्यावर तीन गिटारींचा असा काही आवाज कोसळायचा की छातीची हाडं थरथरायची. शब्द एकही कळायचा नाही. परदेशात दिवसभर शब्दच न कळणाऱ्या माणसाला ते किती बरं वाटतं, कसं सांगू? तिथे कुणालाच काही कळत नव्हतं. मी पहिल्या रांगेत, डाव्या स्पीकरला चिकटून उभा राहायचो. एकोणीस कार्यक्रम ऐकले.

पुढे बॅन्ड मोडला, मी तोक्योला आलो, लग्न झालं, हिगाशी-कसाईत घर झालं. आणि न चालणारा तो बॅन्ड दरम्यान थोर ठरला. आजची पोरं त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतात म्हणे. गेल्या वर्षी ओकादा-साननी जुन्या चाहत्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची ठरवली. कुणाचं कुणाशी जुळेना. शेवटच्या गाण्यातला तो गदारोळ कुणी म्हणे बारा मिनिटं चालायचा, कुणी म्हणे अर्धा तास. छताचा पोपडा आपल्याच डोक्यावर पडला असं सांगणारे चौघे निघाले. मी मात्र सगळ्यांना आवडेल असं लिहिलं. बॅन्डचीच माणसं दाराशी कानात घालायचे बोळे फुकट वाटायची आणि आम्ही ते खिशात टाकून पुढे जायचो, हे खरं होतं. त्याला मी शेपूट जोडलं: "बोळे घालून ऐकणारा तिथे असून नसल्यासारखाच. ज्यानं उघड्या कानांनी ऐकलं, त्यानंच ऐकलं." या वाक्यावर चाहते फिदा झाले. कुणीतरी त्याचे टी-शर्टही छापले. ऑफिसमध्ये मला कोण विचारतो? चाहत्यांत मात्र मी उघड्या कानांचा अंबरीष-सान.

पुस्तिका मी दिवाणखान्यात दिसेल अशी ठेवली होती. सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री जेवताना कौमुदी ती घेऊन आली आणि समोर नाही, माझ्या शेजारी येऊन बसली. नशिबाने उजवीकडे.

"हे तू लिहिलंस?"

"मीच."

"उसो!" ती म्हणाली. खोटं, थापा, असं म्हणायची इथली रीत. पण चेहरा उजळला होता. मी हल्ली हेच ऐकते, रोज, शाळेत जाता-येता, असं ती सांगू लागली, आणि मी तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. बॅन्ड अठरा वर्षांनी पुन्हा एकत्र येतोय. ऑक्टोबरमध्ये तोक्योत कार्यक्रम आहे. तिकिटांची सोडत असते, तिनं दोन मागितली होती आणि दोन लागली होती.

"आईला नको, तू चल. आणि बाबा, मीपण बोळे नाही घालणार. तुझ्यासारखं."

मी ताटातली भाजी उगाच चिवडत राहिलो. स्वप्ना कौतुकानं हसत होती.

त्या दिवसापासून दोन आठवडे मला धड झोप नव्हती. डॉक्टरांची ती उतरती रेघ डोळ्यांपुढे यायची, आणि रेघेच्या वर कौमुदीचं नाव लिहिलेलं दिसायचं. एक वाक्य बोललो असतो तर काम होतं. पण ती रोज संध्याकाळी माझ्याशी बोलायला येत होती! त्या तळघरात वास कसला यायचा, गाणारी मुलगी कधी हसली का, पोपडा खरंच पडला का. कित्येक महिन्यांनी लेक माझ्याकडे आली होती ती त्या फुशारकीच्या बोटाला धरून, आणि मी तेच बोट काढून घ्यायचं? मी चांगले महागातले बोळे आणून तिच्या टेबलावर ठेवले. सकाळी ते माझ्या चपलांवर होते. आवाज फार असतो गं, मी म्हटलं. म्हणूनच तर, ती म्हणाली. आंघोळीला गेलो की आरशापुढे पाठ करायचो, "कौमुदी, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही." बाहेर आलो की टॉवेल वाळत घालायचो आणि पेपर उघडून बसायचो. भित्रटपणाच तो, दुसरं काय.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. गाडीत तिनं माझ्या डाव्या बाजूला बसून काहीतरी सांगितलं आणि मी मान डोलावली. आरंभ सहाला होता, दारं साडेपाचला उघडणार. लाइव्ह हाउसबाहेरच्या गल्लीत दोन-अडीचशे लोक, निम्मे माझ्या वयाचे, निम्मे तिच्या. तिकिटावरच्या क्रमांकानं आत सोडतात. आमचे एकसष्ट आणि बासष्ट. पुढे एक माणूस क्रमांक पुकारत होता आणि मला त्यातला एकही कळत नव्हता, फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं. बोळ्यांची पुडी माझ्या मुठीत घामानं भिजली होती. माझ्या त्या वाक्याचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा समोरून गेला आणि कौमुदीनं मला अभिमानानं कोपरानं ढोसलं.

"हे घाल," मी पुडी पुढे केली. "माझी शपथ आहे."

तिनं जपानीत काहीतरी उत्तर दिलं. हसत.

"मला कळलं नाही तू काय म्हणालीस."

"अरे, मी म्हटलं..."

"नाही, कौमुदी. मला ऐकू आलं नाही. डावा कान गेलाय माझा. उजवाही चाललाय. याच्यामुळेच, या बॅन्डमुळे. डॉक्टर म्हणाले, परत येत नाही." दोन आठवडे पाठ केलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं आणि बहुतेक फार मोठ्यानं, कारण पुढची दोन माणसं वळून बघू लागली.

"उसो," ती म्हणाली. या वेळी हसत नव्हती.

"खरंच."

"कधीपासून?"

"चार वर्षं तरी. ऑफिसात चोरून पास होत होतो."

तिनं माझ्या हातातली पुडी घेतली आणि जॅकेटच्या खिशात टाकली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. काम झालं, कान वाचले. आता बाप मनातून उतरला असेल तर असो, असं मी स्वतःला सांगत होतो. ती जमिनीकडे बघत होती. मग काहीतरी बोलली.

"इकडून बोल," मी तिला हाताला धरून उजवीकडे घेतलं.

"एप्रिलमध्ये आपण नदीपलीकडे गेलो होतो. पुलाच्या चढावर सायकली ढकलत होतो. मी कुठल्या बाजूला होते?"

मी आठवून बघितलं. गाड्या जातात त्या बाजूला मी, आतल्या बाजूला ती. "डावीकडे," मी म्हटलं. "का गं?"

"मी तुला सांगितलं होतं." आता ती मराठीत बोलत होती, सावकाश, प्रत्येक शब्द शोधून. "वर्गात माझ्याशी कोणी बोलत नाही. पहिल्या दिवसापासून. कोणीच नाही. डबा मी जिन्यात बसून खाते. आठ दिवस पाठ करत होते, तुला कसं सांगायचं ते. आई रडली असती ना. म्हणून तुला."

"आणि मी काय म्हणालो?"

"तू हसलास. म्हणालास, छान, अशीच मजा कर."

तो पूल मला आठवत होता. वारा होता, ऊन होतं, लेक आपण होऊन माझ्याशी इतका वेळ बोलतेय म्हणून मी खूश होतो. तिच्या चेहऱ्याकडे वळून बघितलंही नव्हतं, सायकल सांभाळत होतो.

"मग मला वाटलं," ती म्हणाली, "बाबा हसतोय, म्हणजे हे एवढं काही मोठं नसेल."

पुढचा माणूस पुकारत होता. कौमुदीनं मान वर केली. "एकसष्ट. आपला नंबर."

ती हलली नाही, मीही हललो नाही. मागची माणसं आमच्या बाजूनं पुढे गेली. मी तिला घेऊन पदपथाच्या कडेला बसलो, ती माझ्या उजवीकडे.

"पुन्हा सांग. सगळं सांग."

"आता काय सांगू? सवय झालीय रे मला."

"मला नाही झालेली," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून सांग."

तिनं नाक पुसलं. मी डॉक्टरांनी सांगितलेला तो उरलासुरला कान तिच्या तोंडाशी नेऊन बसून राहिलो.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "मी कोन्निचिवा म्हटलं, तर शेजारच्या मुलीनं तिचं टेबल उचललं आणि थोडं पलीकडे सरकवलं."