बुडालेला तुकडा

डॉक्टरांनी मान वर न करताच कागदावर ‘सर्दीने मृत्यू’ असं लिहिलं आणि तो कागद धनीबाईसमोर सरकवला. तिची मेलेली शेळी दाराबाहेर पडली होती. तांड्यापासून तीन कोस ती डोक्यावर वाहून आणली होती बिचारीनं, आणि या माणसाला उठून दोन पावलं टाकवत नव्हती!

आठवड्यात तिच्या चार शेळ्या खोकून खोकून गेल्या होत्या. उरलेल्या नऊ उद्याच पुसदच्या बाजारात विकून मोकळी हो, असा सल्लाही साहेबांनी वर दिला. माझं डोकंच फिरलं. मी त्या जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर. म्हटलं, साहेब, ही साथ वाटते, छाती उघडून बघायला हवी.

“मग उघड ना, धर्मपाल. तुम्हा लोकांना सवयच आहे.”

सवय म्हणे! छप्पन साली दीक्षा घेतली, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात मेलेल्या जनावराला कुणी हात लावला नव्हता. मलमपट्टी माझी, चिरफाड साहेबांची, आणि पगार त्यांना त्याचाच मिळत होता. मी जागचा हललो नाही. पण त्या बाईच्या नऊ शेळ्यांनी काय पाप केलं होतं?

धनीबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं कमरेचा विळा काढला.

“तू हात नोको लावू, भाऊ. कापाचं काम माह्यं. तू फक्त पाह्यून सांग.”

तिनं बाहेर येऊन शेळीची छाती उघडली. आत पिवळं पाणी साचलं होतं, आणि एका बाजूचं फुप्फुस बरगड्यांना घट्ट चिकटलं होतं. मी तिला त्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायला सांगितला. तो दगडासारखा तळाला गेला. दुसऱ्या बाजूचा तुकडा मात्र तरंगत राहिला, कारण चांगल्या फुप्फुसात हवा असते. साथच होती. खोकणाऱ्या शेळ्या वेगळ्या बांध आणि एकही विकू नको, असं मी तिला सांगितलं.

“अन् इकल्या तं?”

“ज्याच्या घरी जातीन, त्याच्याबी मरतीन.”

तिनं विळा पुसून कमरेला खोचला. साहेबांचा कागद दाखवला असता तर सगळा कळप उद्या खपला असता. मग तिनं बादलीत हात घालून बुडालेला तुकडा काढला, आत गेली, टेबलावर तो कागद पसरला आणि त्यावर तुकडा ठेवला.

“हे पाहा तुमची सर्दी, साहेब.”

शाई ओली होऊन पसरत गेली. साहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी पुसदच्या बाजारात मी मुद्दाम चक्कर मारली. शेळ्या पुष्कळ आल्या होत्या. धनीबाई आली नव्हती.