सारखा दोर

"बाय, तू दोर वढलास," दुर्गाबाई म्हणाली.

राजेश्वरी टीचरने दोर मुळीच ओढला नव्हता. करावे गावातल्या शाळेत शनिवारी दुपारी मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग भरतो. तिथे तिने वीस फुटांचा एकच दोर जमिनीवर दोनदा मांडला होता. आधी चौरस, पाच बाय पाच. मग लांबोडका, आठ बाय दोन. लाद्या एकेक फुटाच्या. दुर्गाबाईने पहिल्यात पंचवीस मोजल्या, दुसऱ्यात सोळा.

मासळीबाजारात तीस वर्षं बसलेल्या बाईचा हिशेब चुकत नाही, समोरच्याचा चुकतो. तिने पुन्हा मोजलं. पंचवीस आणि सोळाच.

"दोर तेवढाच ना?"

"तेवढाच, मावशी. परिमिती सारखी, क्षेत्रफळ वेगळं."

"मंग नव लाद्या खाल्ल्या कोनी?"

वर्ग हसला. दुर्गाबाई हसली नाही. गेल्या शनिवारी, बर्फाची पेटी तिन्ही बाजूंनी दुप्पट केली तर बर्फ आठपट लागतो हे कळल्यावर तिने कानाला हात लावला होता. पण तो चमत्कार पेटीपुरता होता. हा तिच्या घरात शिरत होता.

तिच्या घरात वाटणी दोरानेच व्हायची, जाळं असो की जागा. दोन्हीकडे सारखा दोर पडला की तंटा मिटला. सासरे गेल्यावर बावीस वर्षांपूर्वी परसात दोन भावांच्या दोन खोल्या आखल्या, तेव्हा थोरली सून म्हणून दोर तिनेच धरला होता. आठ-आठ वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची आठ-आठ अंतरं. थोरल्याची खोली चौरस आली. धाकट्या हिरामणची गटाराच्या कडेने लांबोडकी. हिरामणची बायको सुनयना म्हणाली, जागा कमी आहे. दुर्गाबाईने आळीभर सांगितलं, "दोर सारखा हाय, हाव मोठी हाय तिची." अख्खं गाव दुर्गाबाईच्या तराजूची शपथ घ्यायचं, सुनयनाचं कोण ऐकणार? दोघी जावांचं बोलणं बंद झालं. हिरामण ओट्यावर झोपू लागला, तो गेल्या वर्षी वारेपर्यंत.

"बाय, तुजा टेप दे. उद्या देतंय."

घरी येऊन तिने आधी स्वतःची खोली मापली. अकरा बाय अकरा. गुणाकार तळहातावर पेनने केला. मग जावेच्या दारात जाऊन कडी वाजवली.

सुनयनाने टेप पाहिला. "ताय, आता काय गटार पन मापाचा हाय?"

"टोक धर."

बावीस वर्षांनी कानावर आलेल्या या दोन शब्दांनी सुनयना इतकी चकित झाली, की तिने टोक धरलं. सोळा बाय सहा. दुर्गाबाईचे ओठ बराच वेळ हलत होते.

"शान्नव," ती म्हणाली.

"काय शान्नव?"

दुर्गाबाईने तळहात पुढे केला. "माजी एकशेएकवीस. तुजी शान्नव. दोर सारखाच व्हता गं. मना वाटला, सारखा म्हंजे सारखा." तिचा आवाज खाली गेला. "पंचवीस फूट मी खाल्लं."

सुनयनाने त्या आकड्यांकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"पंचवीस म्हंजे केवढं?"

दुर्गाबाई ओट्यावर वाकली. टेप सव्वासहा फूट लांब ताणला, खडूने रेघ मारली. मग आडवा चार फूट. चौकट पुरी झाल्यावर ती बाजूला सरकली.

"येक खाट," ती म्हणाली. "आनि बाजूनं जायला वाट."

सुनयनाने वाकून, हिरामण झोपायचा त्या जागी आलेल्या चौकटीवर हात ठेवला.

"आत ये," ती म्हणाली.

एकीने या भिंतीला पाठ टेकली, दुसरीने त्या. दुर्गाबाईने सवयीने पाय लांब केले. ते अर्ध्यावरच सुनयनाच्या पायांना लागले. दुर्गाबाईने आपले हळूच जवळ ओढून घेतले.