मागच्या रांगेतला आवाज

लातूरच्या एका कॉलेजात आनंदराजचं दोन दिवस व्याख्यान ठेवलं होतं. फलकावर विषय लिहिला होता : हरवलेले कंठध्वनी. आनंदराज मूळचा लोह्याजवळच्या खेड्यातला, नांदेडला भाषाशास्त्र शिकवायचा. पुण्यात शिकत असताना त्याच्या 'न्हाई' आणि 'लई'ची वर्गातली पोरं पाठीमागून नक्कल करायची. तेव्हापासून मागे कुणी हसलं की त्याचे कान तापायचे.

पहिल्या दिवशी तो चांगला रंगात आला होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांची एक जुनी मूळ भाषा होती, पण तिचा एकही शब्द कुणी लिहून ठेवला नाही. तिच्यात घशातून निघणारे काही ध्वनी असावेत, असा अभ्यासकांनी अंदाज बांधला. पुढे ते गळून गेले, पण जाताना शेजारच्या स्वरावर खूण सोडून गेले.

"वडिलांना संस्कृतात 'पितर', लॅटिनमध्ये 'पतेर'. इकडं 'इ' आणि तिकडं 'अ', कारण त्या जागी मुळात असाच एक ध्वनी होता. नंतर तुर्कस्तानात हित्ती भाषेतल्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्या वाचल्यावर यातला निदान एक ध्वनी चक्क लिहिलेला निघाला."

"सर, पण त्याचा उच्चार कसा व्हायचा?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"नक्की कुणालाच ठाऊक न्हाई."

'न्हाई' तोंडातून निसटलं आणि कुणीतरी फिसकलं. आनंदराजनं तिकडे दुर्लक्ष केलं. घसा आवळून त्यानं एक खरखरीत ध्वनी काढून दाखवला. पोरं हसली. इतक्यात मागच्या रांगेतून तसाच आवाज आला, त्याच्याहून घोगरा, ओलसर, ओढून ताणून काढल्यासारखा. सभागृहात हशा पिकला.

"कोण आहे ते?" आनंदराज कडाडला. "नक्कल करायची असेल तर बाहेर व्हा! असले माकडचाळे इथं चालायचे न्हाईत."

हशा थांबला. मागे पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. गळ्याभोवती रुमाल, त्याच्याखाली गेलेलं एक बोट. त्यांनी बोट काढलं, हात जोडले आणि ते दाराबाहेर गेले.

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचं नाव रुद्राणी.

"सर, माझे आजोबा हायत ते. कॅन्सरमुळं त्यांचं स्वरयंत्र काढलंय. गळ्यातल्या छिद्रावर बोट दाबून बोलतात. प्रश्न विचारायले होते तुम्हाला." एवढं बोलून ती त्यांच्यामागे धावली.

आनंदराजनं पुढचं वाक्य सुरू केलं, पण त्याला ते पुरं करता येईना. प्राचार्य जवळ येऊन हळूच म्हणाले, "गैरसमज झाला सर, सोडून द्या." त्यानं व्याख्यान तिथंच थांबवलं.

संध्याकाळी पत्ता विचारत तो रुद्राणीच्या आजोबांच्या, मल्लिनाथांच्या घरी गेला. दार त्यांच्या पत्नीनं, पार्वतम्मांनी उघडलं.

"रुद्राणीचे सर का? या की, बसा." त्या लगबगीनं चहा घेऊन आल्या. "सकाळपासून तयार होऊन बसले होते तुमच्या भाषणाला. कसं झालं म्हणून विचारलं, तर हातानंच 'लई छान' म्हणाले."

आनंदराजनं मल्लिनाथांकडे पाहिलं. त्यांनी तळवा हलवला, राहू द्या म्हणून. आतल्या दाराशी रुद्राणी उभी होती. तिनंही घरी काही सांगितलं नव्हतं. गप्प बसून, चहा पिऊन निघून जाता आलं असतं. ते लक्षात आलं आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, मी यांना सगळ्यांसमोर हाकलून दिलं. नक्कल करतायत असं वाटलं मला."

पार्वतम्मांचा चेहरा उतरला. "आपरेशन झाल्यापासून चार लोकांत तोंड उघडलं न्हवतं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच."

मल्लिनाथांनी छिद्रावर बोट दाबलं आणि काहीतरी विचारलं. आनंदराजला कळलं नाही. त्यानं ओशाळून पुन्हा विचारलं, तरीही कळलं नाही.

"विचारायलेत, हरवलेला आवाज परत येतो का," पार्वतम्मा म्हणाल्या. "फलक वाचून त्यांना वाटलं, तुम्ही तसलं काही सांगणार."

"न्हाई हो," आनंदराज खाली मान घालून म्हणाला. "हजारो वर्षांपूर्वी गेलेले ध्वनी ते. आम्ही फक्त कागदावर मांडतो. तुमच्या उपयोगाचं माझ्याजवळ काहीच न्हाई."

मल्लिनाथांनी मान डोलावली. मग थांबत थांबत बोलले. या वेळी आनंदराजला एकेक शब्द समजला.

"लोकांसमोर बोललात. लोकांसमोरच म्हणा."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मल्लिनाथ आणि पार्वतम्मा तिसऱ्या रांगेत बसले होते. आनंदराजनं रात्री जुळवलेली वाक्यं ऐनवेळी आठवेनात.

"काल मी यांचा अपमान केला," तो म्हणाला. "ते प्रश्न विचारत होते आणि मी त्याला माकडचाळे म्हणालो. माझी स्वतःची लोकांनी नक्कल केलीय, तरी मी असं वागलो. मला माफ करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. व्याख्यान झालं. शेवटी आनंदराजनं विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" आणि त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. मल्लिनाथांनी नकारार्थी मान हलवली.

निघताना पार्वतम्मा दाराशी थांबल्या. "म्हणलात, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पर इथं आता न्हाई बोलायचे ते."

पोरांनी बाजूला होऊन दोघांना वाट दिली. आनंदराज माईक हातात धरून तसाच उभा राहिला.