गोवरातली गिटार

महानंदाआत्या आल्या तेव्हा गुरुराज मऊ फडक्याने तबकडी पुसत होता. बेल वाजली तसा तो तबकडी हातात घेऊनच दार उघडायला गेला. आत्यांनी आधी तबकडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“कडेनं धरतोस. बरं आहे,” त्या म्हणाल्या आणि चपला काढून आत आल्या.

त्र्याहत्तर वर्षांच्या आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून, चामराजपेटहून एकट्या मेट्रोने आल्या होत्या. मॅजेस्टिकला गाडी बदलून के. आर. पुरमपर्यंत. न्यायला येतो म्हटलं तर त्यांनी नको सांगितलं होतं. त्या गुरुराजच्या वडिलांची धाकटी बहीण. पण गेली कित्येक वर्षं दोघांची गाठ पडायची ती कुणाच्या तरी मुंजीत, नाहीतर तेराव्याला. मंगळवारी त्यांचा अचानक फोन आला होता.

“आपल्या समाजाच्या वार्षिक अंकात तुझा लेख वाचला. त्या गिटारच्या तबकड्यांविषयी बोलायचं आहे. शनिवारी येते.”

लेख लहानसाच होता. काहीही लिहा, पण लिहाच, असं वार्षिकाची संपादक मुग्धा म्हणाली होती. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांचा खडखडाट ऐकलेल्या गुरुराजला लिहिण्यासारखं एवढंच सापडलं: आवडते पाच अल्बम, पाचही नुसत्या साध्या गिटारचे. सोबत गाणं नाही, ताल धरायला कुणी नाही. होस्टेलात तिघांनी मिळून झिजवलेली एक कॅसेट. पहिल्या नोकरीतल्या पत्र्याच्या खोलीत, शेजारचा कुकर शिट्टी देईल तेव्हा थांबवावी लागणारी दुसरी. लेक हर्षिता जन्मली त्या सकाळी हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसून ऐकलेली सीडी. बायकोने, वसुमतीने, लग्नानंतर पहिल्या वाढदिवसाला दिलेली एक, जी त्याला आवडायला सहा वर्षं लागली. आणि सगळ्यात शेवटी ही निळ्या कव्हरची तबकडी.

तिच्याविषयी त्याने जे लिहिलं ते वसुमतीलाही आधी ठाऊक नव्हतं. सातव्या वर्षी त्याला गोवर आला होता. दहा दिवस खिडक्या लावलेली खोली आणि डोळ्यांवर ओली पट्टी. दुपारी बाहेरच्या खोलीतून गिटार ऐकू यायची. ‘अप्पांनी माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवल्याचं मला आठवत नाही,’ त्याने लिहिलं होतं, ‘पण त्या दहा दुपारी ते माझ्यासाठी तबकडी लावत होते. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात मेणकापडात गुंडाळलेल्या तीन तबकड्या मिळाल्या, तेव्हा मी कपाटापुढे बराच वेळ बसून राहिलो.’

वसुमतीने कॉफी आणली.

“स्वल्प पाणी दे आधी,” आत्या म्हणाल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी टेबलावरचं निळं कव्हर उचललं आणि उलटं केलं. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने इंग्रजी एम काढलेला होता. बाहेरच्या रेघा जरा तिरप्या. अप्पांचं नाव मुकुंदराव; आत्या त्यांना अण्णा म्हणत. गुरुराज तो त्यांचाच समजत आला होता.

आत्यांनी त्या अक्षरावर नख ठेवलं. “हा माझा.”

गुरुराजला आधी समजलं नाही.

“टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ना मी, लग्नाआधी, तुमच्याच घरी राहून. चार वर्षं. प्लेअर माझा, या तिन्हीही माझ्याच. बरोबरची एक मुलगी कंटोन्मेंटमधल्या दुकानात घेऊन गेली, तिथं ही वाजत होती. दिवसभर कानाला लोकांचं बोलणं चिकटलेलं असायचं. हिच्यात कुणी बोलत नाही, म्हणून घेतली.”

“मग आमच्याकडे कशा राहिल्या?”

“लग्न ठरलं बळ्ळारीला. अण्णा म्हणाला, सासरी पहिल्याच दिवशी प्लेअर घेऊन कुठं जातेस, मागनं ने. प्लेअर पुढं कुणाला तरी देऊन टाकला त्यानं. तबकड्यांचं मी विचारलं नाही. त्यानंही कधी विषय काढला नाही.”

चुकीचा पत्ता घातलेलं पाकीट सुधारून परत द्यावं, तशा त्या बोलत होत्या. गुरुराज उठला आणि कपाटातून उरलेल्या दोन तबकड्या काढून त्याने त्यांच्यासमोर ठेवल्या.

“तुम्ही न्या, आत्या. तिन्ही न्या. मी नीट बांधून देतो.”

“माझ्याकडे काय आहे वाजवायला? एक बाजू ऐकव. तेवढ्यासाठीच आले.” मग कॉफीचा पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या, “आणि गोवराचं ते जे तू लिहिलंस—”

“तेच मी मघापासून म्हणतोय मनात,” गुरुराज घाईने म्हणाला. “तबकड्या तुमच्या. पण लावायचे अप्पा. तुमच्या वस्तूला न विचारता हात लावायचे, माझ्यासाठी.” तो हसला. हातातल्या फडक्याची घडी त्याने मोडली आणि पुन्हा घातली. “माझ्याकडे अप्पांचं तेवढंच आहे, आत्या. बाकी सगळं म्हणजे बोलणी आणि परीक्षेचे निकाल.”

आत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. वसुमती स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती, ती आत गेली.

“लाव तर आधी,” आत्या म्हणाल्या. “दुसरी बाजू.”

त्याने सुई टेकवली. थोडी खरखर झाली आणि गिटार सुरू झाली. सावकाश, एखादा माणूस घरात एकटाच असताना वाजवेल तशी. मधेच बोटं तारांवरून सरकल्याचा आवाज येई. आत्या खुर्चीत जरा पुढे सरकून बसल्या होत्या. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला. तिसऱ्या तुकड्यात एके ठिकाणी तबकडीवर ओरखडा होता. तिथं सुई हमखास अडकायची आणि तेच चार सूर फिरून फिरून वाजायचे. गुरुराजला ती जागा पाठ होती. तो उठायच्या बेतात होता.

पण सूर अडकायच्या आधीच आत्यांचा हात वर झाला. त्या प्लेअरपासून दोन हात लांब होत्या, तरी त्यांची दोन बोटं हवेत पुढे गेली आणि अलगद खाली दबली. मनगटावरच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या. किण्.

गुरुराज होता तिथंच राहिला.

तो आवाज त्याला माहीत होता. डोळ्यांवर पट्टी असताना त्याने तो दहा दुपारी ऐकला होता. सूर अडकायचे, मग किण्, आणि गिटार पुढे जायची. तो आवाज त्या सुरावटीतलाच आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं. मोठेपणी त्याने तबकडी कितीतरी वेळा लावली. दर वेळी त्या जागी काहीतरी कमी आहे असं वाटायचं, आणि काय ते कळायचं नाही.

तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजत होते. आत्यांनी हात मांडीवर घेतला आणि बांगड्यांवरून पदर ओढला.

“अण्णाच लावायचा,” त्या म्हणाल्या. “गोवरात. मला तेव्हा दुपारची ड्यूटी. रात्री घरी आले की प्लेअरवरचं कापड वाकडं दिसायचं. मी विचारलं, तर म्हणाला, पोरगा रडतो गं, त्याला बरं वाटतं.”

अप्पांनी त्याला कधी पोरगा म्हटलं नव्हतं. घरातही ते त्याचं पूर्ण नाव घेत.

“असं म्हणाले?” गुरुराजने विचारलं.

“हो.”

तो प्लेअरपाशी गेला. दोन बोटांनी सुईची दांडी अलगद दाबली. गिटार पुढे गेली. मग तो खुर्चीवर न बसता आत्यांच्या पायाशी, खाली जमिनीवर बसला, आणि बाजू संपेपर्यंत तिथंच ऐकत राहिला.

“जपल्या मात्र त्यानं,” शेवटी आत्या म्हणाल्या. “तो ओरखडा माझ्याच हातचा. त्यानंतर एक नवी रेघ नाही.” त्यांनी तबकडी हातात घेऊन उजेडाकडे धरली होती, आणि हे बोलताना त्या थेट त्याच्याकडे पाहत होत्या.

निघताना वसुमतीने चटणीपुडीचा डबा दिला. तबकड्या आत्यांनी घेतल्या नाहीत. मेट्रोपर्यंत सोडतो म्हणून गुरुराज खाली आला. त्याने रिक्षा थांबवली, आत्यांना आधी बसवलं, मग स्वतः बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “चामराजपेट.”

“एवढ्या लांब कशाला? परत यायला संध्याकाळ होईल तुला.”

“होऊ दे.”

टिन फॅक्टरीच्या चौकात गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या. रिक्षा थोडी पुढे जाई, पुन्हा थांबे. आत्यांनी चटणीपुडीचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. गुरुराज कितीतरी वेळ समोरच्या बसकडे बघत होता.

“आत्या,” तो म्हणाला, “एक्स्चेंजमधलं सांग ना काहीतरी. मला काहीच माहीत नाही.”

आत्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“काय सांगू? एका ओळीत आम्ही अठराजणी. कानाला ते जड यंत्र. केस सारखे त्यात अडकायचे, म्हणून मी वेणी घट्ट घालायचे. सुपरवायझरबाई मागून फेऱ्या मारायची, पण मला कधी बोलली नाही. सकाळची पाळी कुणालाच नको असायची. मी मागून घेतली होती. चारही वर्षं, सहा ते दोन. अडीचला घरी की सगळी दुपार माझी, मग मी—”

त्या थांबल्या. डब्याचं झाकण घट्ट आहे की नाही ते त्यांनी दाबून पाहिलं.

रिक्षा पुन्हा थोडी पुढे सरकली.

“सहाची पाळी,” गुरुराज रस्त्याकडेच बघत म्हणाला. “मग इतक्या सकाळी तुला बस मिळायची?”

आत्यांनी झाकणावरचा हात काढला.

“मिळायची,” त्या म्हणाल्या. “पण पहिली चुकली की पंचाईत. एकदा काय झालं...”