गेटसभेचा थकलेला कर्णा

मी एक जुना कर्णा आहे, मित्रांनो. तोंड सुपाएवढं आणि अंगावर पोचेच पोचे. भोसरीच्या एका वर्कशॉपच्या कँटीनमध्ये माळ्यावर पडून असतो. गंमत बघा, देवाने एवढं मोठं तोंड दिलं, पण त्यातून स्वतःचं एक अक्षर निघत नाही. दुसरा जे बोलेल ते मोठं करून सांगायचं, हेच माझं काम.

मी इथे आलो तेव्हा भोसरीत नुकती कुठे एमआयडीसी झाली होती. जोंधळ्याच्या रानात शेड उभ्या राहत होत्या. युनियनच्या लोकांनी वर्गणी काढून मला पुण्याहून आणलं, ट्रकच्या जुन्या बॅटरीला जोडलं आणि गेटसमोरच्या लिंबाला बांधलं. पहिल्यांदा कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणालं तेव्हा पलीकडच्या म्हशी दावं तोडून पळाल्या. केवढं कौतुक झालं माझं! बोनस मिळाला तोसुद्धा माझ्यामुळेच, असं लोक म्हणायचे. बारशाला, लग्नाला मला मागून न्यायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पुढे युनियनचे पुढारी म्हणून उद्धवराव आले. त्यांना एका शब्दाची फार आवड होती: जातीयवादी. डाळ पातळ झाली, की कँटीनवाला जातीयवादी. रजा नाकारली, की साहेब जातीयवादी. समोरची युनियन तर जन्मापासूनच जातीयवादी. मित्रांनो, तो शब्द जड आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं त्यांचं सोसणं त्यात भरलेलं आहे. उद्धवरावांना स्वतःला त्याचा चटका कधी बसला नव्हता, म्हणून त्यांनी तो चण्याफुटाण्यासारखा वाटला. टाळ्या पडायच्या. मी मात्र तेव्हापासून थकू लागलो.

मग ती खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी मशीनं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा, अशी रीत. गाणी लावायला मला शेडमध्येच टांगलं होतं, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. फोरमन होते महाळुंग्याचे बन्सीभाऊ. शेतकऱ्याच्या घरचा, कमी बोलणारा माणूस. हार घेऊन ते निघाले, तेव्हा लेथवरचा भीमराज त्यांच्याजवळ आला.

"बन्सीभाऊ, आमच्या घरी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलीय. माझ्या मशीनची पूजा नको. मी तेलपाणी करून ठेवलंय."

"बरं राव," बन्सीभाऊ म्हणाले. "तुजं मशीन, तुजी रीत. प्येढा तरी खाशील का न्हाई?"

दोघं हसले, भीमराजने पेढा खाल्ला आणि तो घरी गेला. एवढंच झालं होतं. पण दुपारी उद्धवराव शेडमध्ये आले आणि त्यांना ओळीत एकच लेथ बिनहाराचा दिसला. कुणाचा म्हणून विचारलं. भीमराजचा. बस्स! जातीमुळे त्याचं मशीन पूजेतून वगळलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. ना भीमराजला विचारलं, ना बन्सीभाऊंना. संध्याकाळी मी लिंबावर होतो आणि माझ्या तोंडून साऱ्या भोसरीला ऐकू गेलं, "बन्सी फोरमन जातीयवादी आहे!"

दसऱ्यानंतर भीमराज धावत आला. "मीच नको म्हणालो होतो. मला माईक द्या, सांगतो सगळ्यांना."

"आता माघार घेतली तर आपलंच हसं होईल," उद्धवराव म्हणाले. माईक काही दिला नाही. मालकांनी भांडण नको म्हणून बन्सीभाऊंची फोरमनकी काढली आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.  गेटसभा असली की ते मागच्या बाजूने घरी जायचे.

मध्ये सभांना बंदी आली आणि मी माळ्यावर गप्प पडून राहिलो. खरं सांगू? बरं वाटलं.

त्या माळ्यावरून खाली चूल दिसायची. भीमराजची बायको चिमाबाई तिथे भाकऱ्या करायची. तिची भाकरी टम्म फुगायची आणि माणसं मागून घ्यायची. मग कँटीनला नवा ठेकेदार आला. त्याने एके सकाळी चिमाबाईला गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि म्हणाला, "उद्यापासून पिठाला हात लावू नको. भांडी घासायची तेवढी घास."

चिमाबाईचे हात पिठातच राहिले. "कालपतुर ग्वाड लागत व्हती की माझी भाकरी," ती म्हणाली.

बाकावर चहा पीत एकच माणूस बसला होता, बन्सीभाऊ. त्यांनी कप ठेवला आणि मान खाली घालून ते निघून गेले. मला तेव्हा त्यांचा राग आला. दुपारी चिमाबाईकडून कळल्यावर भीमराजने त्यांना कँटीनच्या दारात गाठलं, तेव्हा शब्द ऐकू आले.

"तुम्ही होता तिथं, बन्सीभाऊ."

"माजं नाव घान केलं तवा तू कुटं व्हतास?"

"माईक मागितला होता. दिला नाही मला."

बन्सीभाऊंच्या चपला स्टोअरकडे वाजत गेल्या.

सभा पुन्हा सुरू झाल्या होत्या. त्या संध्याकाळी भीमराजने माईक घेतला, पण बोलून होण्याआधीच गर्दीतून आवाज आला, "हां, मागं हाराचं झालं तसंच हे!" लोक हसले. उद्धवराव घड्याळ बघू लागले. चिमाबाई गेटपाशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मित्रांनो, खोट्यापायी माझा घसा इतकी वर्षं झिजला, म्हणून खरं बोलायच्या वेळी माझं कुणी ऐकेना.

तेवढ्यात मागच्या बाजूने जाणारे बन्सीभाऊ वळले आणि गर्दीतून सरळ पुढे आले. उद्धवरावांनी नाइलाजाने माईक पुढे केला. बन्सीभाऊंनी तो हाताने बाजूला सारला.

"ह्यो कर्णा नगं. ह्येच्यातनं माजं नाव येकदा समद्या गावात गेलंय. त्ये खोटं व्हतं. पर ह्ये खरं हाय. म्या डोळ्यानं बघितलं, कानानं आयकलं. चिमाबाईला जात इचारून पिठावरनं उठीवलं."

आवाज लहान होता. ऐकायला माणसं जवळ सरकली. कुणी हसलं नाही.

ऐकणाऱ्यांनीच ठेकेदाराला जाब विचारला, आणि चौथ्या दिवशी चिमाबाई पुन्हा भाकऱ्या थापत होती. सगळं गोड झालं असं नाही. तिच्या हातचं नको म्हणून काहींनी घरून डबे आणायला सुरुवात केली, त्यातले थोडे अजून आणतात. बन्सीभाऊंची फोरमनकी काही परत आली नाही. पण वर्षानुवर्षं महाळुंग्याहून डबा आणणारे बन्सीभाऊ त्या दिवसापासून हात हलवत कामाला येऊ लागले.

आता युनियनकडे नवे कर्णे आहेत, माझ्याहून मोठ्याने ओरडणारे. मित्रांनो, जातीयवादाचा आरोप फार सहज होतो का, असं मला विचाराल तर सांगेन, होतो. ज्याला काही सोसावं लागत नाही तो सहज करतो, आणि ज्याला सोसावं लागतं त्याला बोलायलाही कुणाचा तरी आधार लागतो. म्हणून माझ्यासारख्याला झाडावर चढवण्याआधी, ज्याचं दुखलंय त्याच्याजवळ जाऊन आधी विचारा. माझ्या उभ्या आयुष्यात सगळ्यात मोलाचं बोलणं झालं, तेव्हा मला कुणी बोलूच दिलं नव्हतं.