धरून ठेवलेली जागा

ओफेलिया बरेला अंडं कधी मधोमध फोडत नसे. सुरीच्या टोकाने वरच्या अंगाला नखाएवढं भोक पाडायचं, आतला बलक हलवून हलवून वाडग्यात काढायचा, टरफल धुऊन खिडकीत पालथं घालायचं, हा तिचा वर्षभराचा नेम. चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की ती टरफलं रंगवायची, त्यांत रंगीत कागदाचे कपटे भरायची आणि भोकावर पातळ कागद चिकटवायची. ईस्टरच्या सकाळी ही अंडी सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर फोडायची. ज्याच्या डोक्यावर फुटलं त्याचं वर्ष चांगलं जातं, आणि फोडणाऱ्यावर रागवायचं नसतं. टरफलं साठवायचं काम तिच्या गळ्यात नेमकं कुणी आणि कधी मारलं, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. तिच्याकडची बाकीची कामंही अशीच आली होती.

ती साठीला आली होती आणि डेमिंग गावात शाळेची बस चालवायची. लग्न केलं नव्हतं. आधी आईची, मग बापाची दुखणी काढण्यात लग्नाचं वय निघून गेलं. धाकटी बहीण सेलिना एल पासोला, त्याहून धाकटा एलॉय अल्बुकर्कीला. दोघांची घरं मोठी, मुलं शिकलेली, आणि दोघांनाही वेळ कधी नसायचा. तिघं एकत्र यायची ती ईस्टरला, डोंगरातल्या तळावर. बाप असताना तोच बुधवारी पुढे जाऊन जागा धरायचा. तो गेल्यापासून ओफेलिया जात होती.

तळ म्हणजे तरी काय, सुळक्यांच्या पायथ्याशी दहा-बारा सिमेंटची टेबलं, प्रत्येकाशेजारी एक लोखंडी चूल आणि टोकाला खड्ड्याचा संडास. नळ एकच, तोही पोत्यात गुंडाळून ठेवलेला. पाणी घरून आणायचं. सावली म्हणाल तर सातव्या टेबलावरच्या ज्युनिपरच्या झाडाची, बाकी सगळीकडे दगड, नागफणी आणि वारा. आगाऊ नोंदणी नाही, जो आधी येईल त्याची जागा. पण रात्री तिथे माणूस झोपलं पाहिजे, नुसता तंबू ठोकून पसार होता येत नाही.

या वर्षी सेलिनाने फेब्रुवारीतच फोन केला होता. “माना, या खेपेला सगळे येणार हं! एलॉयची पोरंसुद्धा. शिवाय आमच्या अनालिसाचे होणारे सासरचे डॅलसहून येतायत. तीन टेबलं लागतील. तुझ्याशिवाय कोण करणार गं हे?” माना म्हणजे थोरली बहीण. सेलिनाला काम असलं की तिला हा शब्द आठवायचा. ओफेलियाला हे कळत नव्हतं असं नाही, पण त्या शब्दाने ती विरघळायची ती विरघळायचीच.

आणि खरं सांगायचं तर ती या तीन दिवसांवर वर्ष काढायची. नाताळला दोघं आपापल्या सासरी जात, वाढदिवसाला फोन येई तोही घाईचा. ईस्टरला मात्र तिच्या चुलीभोवती सगळे बसत, तिच्या हातची लाल मिरचीची आमटी ओरपत आणि ‘आजोबांची गोष्ट सांग’ म्हणून पोरं तिच्या मांडीला रेलत. हे एकदा तुटलं की आपलं म्हणावं असं काही उरणार नाही, हे ती जाणून होती. म्हणून तर ती बुधवारी एकटीने पाच, सहा आणि सात या तीन टेबलांपाशी बापाचे जुने तंबू उभारायला निघाली. वाऱ्याने एक तंबू दोनदा उडवून नागफणीत नेला. काटे काढता काढता तिची बोटं सुजली.

तळाची राखण वेंडेलकडे होती. रेल्वेतून निवृत्त झालेला हा म्हातारा आपल्या चाकांच्या घरात बाराही महिने तिथेच राहायचा. नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण. तरी बापाच्या ओळखीखातर त्याने तीन तंबूंकडे कानाडोळा केला.

“मिस ओफेलिया, माणूस एक आणि तंबू तीन. मी आंधळा नाहीये,” तो म्हणाला.

“उद्या येतायत सगळे.”

“शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत थांबतो. मग पाच नि सहा दुसऱ्याला देणार. तुमचे वडील असते तरी हेच केलं असतं.”

“तुम्ही? माझ्या वडिलांना? त्यांच्या आमटीची वाटी घेऊन रांगेत पहिले तुम्हीच असायचात.”

वेंडेल हसला आणि टोपी सारखी करत निघून गेला.

गुरुवारी दुपारी तळ भरला. एक जुनी पिकअप तीन चकरा मारून सहाव्या टेबलापाशी थांबली. त्यातून ताफोया नावाचे एक वयस्क गृहस्थ उतरले. त्यांची बायको आतच बसून होती, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

“बाई, हे एक टेबल रिकामं दिसतंय. एक रात्र द्याल का? सकाळी हिला पायवाटेवरच्या पहिल्या बाकापर्यंत तरी नेईन म्हणतो. पूर्वी आम्ही खिंडीपर्यंत चढायचो.”

“रिकामं नाहीये. आमची माणसं येतायत.”

“कधी येतायत?”

“येतील तेव्हा येतील! तुम्हाला काय करायचंय? आधी यायचं होतं.”

म्हातारा ओशाळला. गाडी पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि ती दोघं आतच बसून राहिली. ओफेलियाला ते दिसत होतं. तिने खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसली. आपल्या माणसांसाठी परक्यांशी वाईट वागायला तिला कधी लाज वाटली नव्हती.

गुरुवारी कुणी आलं नाही. शुक्रवारी सकाळीही कुणी नाही. गाडीचा आवाज आला की ती उठून उभी राहायची, आणि दुसऱ्याच कुणाची गाडी बघून, पाय मोकळे करायला उठल्यासारखं दाखवून पुन्हा बसायची. वेंडेलने दोनदा चक्कर मारली आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही हेच तिला जास्त झोंबलं.

तळावर फोन लागत नाही. खिंडीत लागतो. दुपारी तिने पाण्याची बाटली घेतली आणि पायवाटेला लागली. गुडघे कुरकुरत होते, ऊन डोक्यावर होतं. वाटेत ती सबबी शोधत होती, त्यांच्यासाठी. गाडी बिघडली असेल. कुणी आजारी असेल. देवा, अपघात तर नसेल? या विचाराने ती दम खायलासुद्धा थांबली नाही.

खिंडीत पोचून तिने फोन बाहेर काढला आणि त्याच वेळी पलीकडच्या उतारावरून हसणं ऐकू आलं. एलॉयचं. ते हसणं तिने कुठेही ओळखलं असतं, लहानपणी त्याला कडेवर घेऊन तिनेच हसवलं होतं. पाठोपाठ टोप्या दिसल्या, काठ्या दिसल्या. सेलिना, तिचा नवरा, अनालिसा, एलॉयची पोरं, आणि पांढऱ्याशुभ्र बुटांची काही अनोळखी माणसं.

ओफेलियाचे डोळे भरून आले. “अरे लबाडांनो! मला चकवायला पलीकडून आलात होय? आणि गाड्या तिकडेच? आता अंथरुणं काय मी वाहून आणू?”

एलॉयने सेलिनाकडे बघितलं, सेलिनाने एलॉयकडे.

“तू सांगितलं नाहीस?” सेलिना म्हणाली.

“मी? तूच सांगणार होतीस ना!”

“काय सांगणार होतीस?” ओफेलियाने विचारलं.

“अगं माना, आम्ही खाली दरीत घर घेतलंय भाड्याने. आता त्या लोकांना,” सेलिनाने आवाज खाली आणला, “त्या लोकांना खड्ड्याच्या संडासात कसं नेणार? तूच सांग.”

“कधी घेतलंत?”

“झाले की थोडे दिवस.”

“नाताळातच घेतलं ना, आई?” अनालिसा भाबडेपणाने मावशीकडे बघत बोलून गेली. “तिया, आई म्हणाली तुम्हाला घराबिराचा कंटाळा येतो, तुम्हाला डोंगरातच आवडतं. म्हणून तुमची खाट धरली नाही.”

म्हणजे फेब्रुवारीतला तो गोड फोन घर ठरल्यानंतरचा होता. आपल्याला जागा धरायला पाठवलं नव्हतं, वाटेतून दूर केलं होतं. ओफेलियाला हे समजायला वेळ लागला नाही. ती एका दगडावर टेकली.

अनालिसाच्या होणाऱ्या सासूबाई हसत हसत पुढे आल्या. “तुम्हीच का त्या तंबूत राहणाऱ्या? बाई, केवढं धाडस! आम्हाला नाही जमायचं.”

“सवय असते एकेकाला,” ओफेलिया म्हणाली.

“आणि अंडी आणलीयस ना?” सेलिना घाईघाईने म्हणाली. “रविवारी ती घेऊन ये. पण अकराच्या आधी नको हं. आधी फोटोवाला येणार आहे. आणि एखादं टेबल असू दे तुझ्याकडे, पोरांना वाटलं तर दुपारी चक्कर मारू.”

“बघते,” ओफेलिया म्हणाली. आयुष्यभर ‘हो’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून आलेला हा शब्द कुणाच्या लक्षातही आला नाही. मंडळींनी पाणी पिऊन देखावा बघितला आणि ती आल्या वाटेने उतरून गेली. एलॉयने वळून हात हलवला, पण नजर जमिनीवर होती. त्याला निदान खाली मान घालायची तरी अक्कल होती.

ती तळावर आली तेव्हा सूर्य सुळक्यांना टेकला होता. तिने कुणाला काही न सांगता पाचव्या टेबलाजवळचा तंबू सोडला, मग सहाव्याजवळचा. मग कालपासून पायवाटेच्या तोंडाशीच उभ्या असलेल्या ताफोयांच्या गाडीशी जाऊन काचेवर टकटक केली.

“सहा नंबर घ्या. पाचही घ्या हवं तर.”

“आणि तुमची माणसं?” बाईंनी विचारलं.

“आली.”

“मग कुठायत?”

“त्यांना जागा मिळालीय.” तिने हातातली तंबूची दोरी गुंडाळली. “काल मी तुमच्याशी वाईट बोलले. ज्यांच्यासाठी बोलले त्यांची तेवढी लायकी नव्हती.”

थोड्या वेळाने गृहस्थ चीज आणि बेदाणे घातलेल्या पावाच्या खिरीची वाटी घेऊन आले. गुड फ्रायडेची खीर, ओफेलियाची आई करायची तशीच. तिने वाटी संपवून धुऊन परत दिली. वेंडेल लांबून बघत होता. त्याने त्या दिवशी नियमाचं नाव काढलं नाही.

रविवारी ती अकराच्या आधी गेली. मुद्दाम गेली. दरीतल्या त्या घरापुढे हिरवळ होती, वाळवंटात हिरवळ, आणि तिच्यावर सगळे पांढरे कपडे घालून ओळीत उभे होते. फोटोवाला हाताने खुणा करत होता. ओफेलियाने गाडीतून अंड्यांचे पुठ्ठे काढले आणि सरळ ओळीत घुसली. पहिलं सेलिनाच्या डोक्यावर, जरा जोरातच. मग एलॉयच्या. मग होणाऱ्या जावयाच्या, त्याच्या आईच्या आणि तिने नुकत्याच बसवून घेतलेल्या केसांवर आणखी एक.

रागवायचं तर नसतंच. सगळे किंचाळले, हसले, पोरं नाचायला लागली. “माना, पुरे! वेडी आहेस का?” सेलिना हसून हसून वाकली. फोटोवाला खूश होऊन टिपतच सुटला. “बाई, तुम्ही जरा कडेला व्हा, तुमची सावली पडतेय,” तेवढं एकदा ओरडला. ओफेलिया कडेला झाली आणि कडेनेच फोडत राहिली. पुठ्ठे संपले तेव्हा ती घामाघूम झाली होती. ती एकदाही हसली नव्हती, आणि हे त्या सगळ्या गर्दीत एकालाही दिसलं नाही.

ती गाडीकडे निघाली तसा एलॉय मागून म्हणाला, “माना, जाण्याआधी हे कपटे तेवढे उचलशील? घरमालक कटकट करेल.”

तळावर दर वर्षी ते तीच उचलायची. गुडघ्यांवर बसून, दगडांच्या फटींतून एकेक, अंधार पडेपर्यंत.

“तुमचं घर, तुमचा कचरा,” ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

नाताळला सेलिनाकडून फोटोचं कार्ड आलं. पांढऱ्या कपड्यांतली हसरी माणसं, हवेत उडणारे रंगीत कपटे, खाली सोनेरी अक्षरात ‘बरेला परिवार’. उजव्या कडेला एक हात आला होता, नुसता मनगटापर्यंत, मुठीत फुटलेलं अंडं. बोटांवर काट्यांचे काळे डाग होते, म्हणून तिला तो स्वतःचा आहे हे कळलं.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजला. ओफेलिया चुलीपाशी होती, तवा तापला होता.

“माना,” सेलिना म्हणाली, “टरफलं किती जमलीयत गं या वर्षी? अनालिसाच्या सासरचे सारखे विचारतायत. त्यांना फार आवडलं होतं.”

ओफेलियाने खिडकीकडे बघितलं. तिथे यंदा कोथिंबिरीची एक कुंडी होती. तिने फोन खांद्याशी धरला, टोपलीतलं एक अंडं उचललं आणि तव्याच्या काठावर आपटून मधोमध फोडलं.