न उडालेली गोळी

मी एक गोळी बोलतेय. औषधाची नाही, पिस्तुलाची. दचकू नका. मी कधी उडाले नाही आणि यापुढे उडणारही नाही. इंग्लंडातल्या रीडिंग शहरात एका घरामागे बागेत लाकडी शेड आहे, तिच्या खिडकीत एका काचेच्या बरणीत मी पडून आहे. इथून बाग दिसते, स्वयंपाकघराचं दार दिसतं, आणि ते उघडं असलं की आतलं बोलणंही ऐकू येतं.

माझा पिंड शिशाचा. आधी मी एका जुन्या घराच्या छपरावर होते. धुराड्याच्या बुडाशी मला पट्टी करून दुमडून बसवलं होतं, पाऊस आत जाऊ नये म्हणून. ते काम मला आवडायचं. खाली माणसं कोरडी झोपायची. पुढे ते घर पाडलं आणि भंगाराच्या ढिगातून प्रमोदरावांनी मला उचलून आणलं.

प्रमोदराव मेश्राम मूळचे नागपूरचे. इथल्या रेल्वेत सिग्नलच्या कामावर उभी हयात गेली. त्यांचे आजोबा महार पलटणीत होते. एका गोऱ्या साहेबाच्या दिमतीला असत. साहेबाचं पिस्तूल रोज पुसायचं, तेल द्यायचं आणि परत चामड्याच्या खोळीत घालायचं, एवढंच त्यांचं काम. म्हातारपणी ते नातवाला सांगत, "त्याचा एक-एक स्क्रू मला पाठ होता पोरा. पण चापावर बोट ठेवायची मुभा नव्हती." ती गोष्ट प्रमोदरावांच्या मनात रुतून बसली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर तसंच एक जुनं, पहिल्या महायुद्धातलं पिस्तूल घेतलं.

इथल्या कायद्यानं असं पिस्तूल चालवायचं असेल तर ते घरी ठेवता येत नाही. क्लबातच कुलूपबंद असतं. तिथे जायचं, तिथेच उडवायचं, तिथेच ठेवून यायचं. तरीसुद्धा त्यांच्या पत्नीला, धम्मशीलाबाईंना, ते पटलं नव्हतं. त्या दर रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकवतात.

"अहो, तुमच्या आजोबांसाठी म्हणून मी गप्प बसते," त्या म्हणाल्या होत्या. "पण ती वस्तू या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. घरात तनूसारखं लहान लेकरू असतं."

"नाही ओलांडणार. शब्द देतो."

तो शब्द त्यांनी पाळला. पिस्तूल कधीच घरी आलं नाही. मी आले.

झालं असं, की एवढ्या जुन्या पिस्तुलाची काडतुसं सहसा बाजारात मिळत नाहीत, आणि आजकालचा जोरकस बार त्या म्हाताऱ्या पिस्तुलाला सोसवत नाही. म्हणून काही शौकीन लोक स्वतःच गोळ्या ओततात. प्रमोदराव तेच करू लागले. शेडमध्ये विजेची छोटी भट्टी आली. मला तिच्यात टाकलं आणि मी पाणी झाले. दुधावरून साय काढावी तशी माझ्यावरची करडी मळी त्यांनी चमच्यानं काढली. मग साच्यात ओतलं. साचा उघडला तेव्हा मी टपकन खाली पडले, नवीकोरी, चकचकीत.

त्यानंतर रंग. प्लॅस्टिकच्या डब्यात रंगाची भुकटी घालून आम्हाला खळखळ हलवलं आणि एका जुन्या ओव्हनमध्ये भाजलं. रंग निळा. तो त्यांनी मुद्दाम निवडला होता. "आजोबांना आवडला असता," असं स्वतःशीच म्हणाले. रंगाची साल चढली की पिस्तुलाच्या नळीत शिसं चिकटत नाही, बोटांनाही लागत नाही. प्रमोदराव हे क्लबात सगळ्यांना कौतुकानं सांगत.

माझ्या बुडाशी एक सुरकुती राहिली होती. अशी गोळी वाकडी जाते. म्हणून माझ्या बहिणी पितळी काडतुसांत बसून क्लबात गेल्या आणि मी बरणीत, पुन्हा वितळायची वाट पाहत.

मला वाटायचं, बरं झालं. मी कुणाला लागणार नाही.

तनू ही त्यांची नात, दोन वर्षांची. तिची आई, म्हणजे प्रमोदरावांची लेक ईशिता, ऑफिसला जाताना तिला इथे सोडायची. दिवसभर घरात तिचं राज्य. प्रमोदराव शेड झाडून, अंगावरची धूळ झटकून बाहेर आले की ती धावत यायची. ते तिला उचलायचे, आणि ती त्यांच्या खांद्यावर तोंड घुसळायची. त्यांचं करड्या लोकरीचं कार्डिगन तिचं फार लाडकं होतं. तनू अजून फारसं बोलत नव्हती. 'दूध', 'आबा' आणि 'नो', एवढंच. दोन भाषांचं घर आहे, उशीर होतोच, असं सगळे म्हणायचे.

त्या वसंतात प्रमोदरावांचं पोट दुखू लागलं. भूक गेली, चिडचिड वाढली. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. निकालाचा फोन आला तेव्हा ते इथेच, माझ्यासमोर उभे होते. हात काळे झालेले, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मिस्टर मेश्राम, तुमच्या रक्तात शिसं फार जास्त आहे," डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. "कसला छंद आहे का तुम्हाला?"

"थोडं ओतकाम करतो. गोळ्यांचं. पण मी त्यांना रंग देतो. हाताला काही लागत नाही."

"आणि वितळवताना? झाडताना?"

त्यांची नजर कोपऱ्यातल्या झाडूकडे गेली.

"घरात लहान मूल आहे का?"

प्रमोदरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. तनू गवतावर बसली होती. शेडच्या दारावर टांगलेलं कार्डिगन तिनं ओढून नेलं होतं आणि त्याची बाही तोंडात धरून चोखत होती.

फोन तसाच टाकून ते धावले, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थबकले. हात पुढे करता येईना. स्वतःच्या तळव्यांकडे बघत ते ओरडले, "धम्मशीला! लवकर ये! हिला उचल. मी नको, तू उचल!"

तनूच्या रक्तातही मी निघाले. म्हणजे माझीच भुकटी, माझ्यावरून काढलेल्या त्या मळीची. औषध देण्याइतकं प्रमाण नाही, पण दोन वर्षांच्या मुलीत ते असायलाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी ईशिता आली. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. बागेत उभी राहूनच बोलली.

"बाबा, you knew it was lead!"

"कोटिंग केलं की सेफ असतं, असं मला..."

"तो कोटिंग बुलेटवर होता, बाबा. तुमच्या कार्डिगनवर नाही!" तिचा आवाज चिरकला. "ती बोलत नाही. Is it because of this? डॉक्टर म्हणते, we can't say. कदाचित हो, कदाचित नाही. मग मी कोणाला विचारू?"

"मला विचार," प्रमोदराव म्हणाले. "मी हो म्हणतो. डॉक्टरला माहीत नसेल, पण मी हो म्हणतो, ईशू."

"मला तुमचा हो नकोय!" ती रडायला लागली. "मला माझी मुलगी बोलायला हवीय."

ती गेली. धम्मशीलाबाई दारातच बसून राहिल्या. "मी सगळा वेळ त्या पिस्तुलावर नजर ठेवली," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये एकदाही डोकावले नाही. मीही तितकीच चुकले."

"तू नाही. आजोबांचं नाव मी पुढे केलं. हौस माझी होती."

भट्टी बंद झाली ती कायमची. घरातला गालिचा उचलून नेला, कार्डिगन गेलं. पिस्तूल प्रमोदरावांनी क्लबातल्या दुसऱ्या सभासदाच्या नावावर करून दिलं. पिस्तूल ठेव, तयार गोळ्या मागव, असं मित्र म्हणाले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तनू नर्सरीत जाऊ लागली. या घरी ती येईनाशी झाली. बाग इतकी शांत झाली की मला माझ्या छपराची आठवण यायची. तिथे मी माणसांच्या डोक्यावर होते, आणि कुणाला काही झालं नव्हतं.

नेम धरून कुणी मला मारलं असतं तर निदान आवाज झाला असता. लोक धावले असते. मी मात्र न उडता, लाडाच्या वाटेनं, एका लेकराच्या पोटात गेले.

तनूच्या रक्तातलं प्रमाण हळूहळू उतरतंय. ती एका शिक्षिकेकडे बोलायला शिकायला जाते, आणि आता दोन-दोन शब्द जोडते. पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही.

आज शेड रिकामी करायला मास्क घातलेली माणसं येणार आहेत. माझी बरणीही जाईल. जाण्याआधी एवढंच मागते: माझ्याशी खेळणाऱ्यांनो, मला जरूर घडवा, पण माझी धूळ घेऊन घरात जाऊ नका. माझ्यावर चढवलेल्या रंगावर विसंबू नका.

सकाळीच ईशिता तनूला घेऊन आलीय. किती महिन्यांनी! तनू गवतावरून थेट आजोबांकडे गेली आणि हात वर करून म्हणाली, "आबा, घे!"

प्रमोदरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बाबा, घ्या ना तिला," ईशिता हळूच म्हणाली.

"हात धुऊन येतो."

"आत्ताच तर धुतलेत."

"हो. पण परत एकदा."

ते आत गेलेत. नळाचा आवाज येतोय. तनू तशीच उभी आहे, हात वर करून. नळ अजून बंद होत नाही.

कुणीतरी आत जा आणि त्यांना सांगा की हात स्वच्छ झालेत. मी सांगून उपयोग नाही. माझ्यावर ते आता विश्वास ठेवणार नाहीत.